नळाचा न

शालनताई मेल्या, तेव्हा खेळ सुरू होऊन नऊ सेकंद झाले होते.

"मी गेले," त्यांनी हेडफोनमध्ये सांगितलं. साहेब जेवायला गेलेत हे सांगताना लागतो तोच आवाज, ना चढलेला, ना उतरलेला.

"परत?" केयूर ओरडला. "ताई, निदान दारातून बाहेर तरी या हो!"

"आले होते. दारातच गोळी बसली."

पावणे गावातल्या त्रिदल पिगमेंट्सच्या कँटीनमध्ये मंगळवारी संध्याकाळी हे चाललं होतं. पाळी सुटली होती आणि चहाच्या दोन टेबलांवर पाच लॅपटॉप मांडले होते. ही रंगाची भुकटी बनवणारी कंपनी. इथे माणूस कुठल्या खात्यातला हे ओळखपत्रापेक्षा रुमालावरून लवकर कळतं. केयूर लॅबमधला, त्याचा रुमाल रोज वेगळ्या रंगाचा. पार्थ डिस्पॅचचा, त्याचा कायम निळा. वैदेही अकाउंट्सची, म्हणून पांढरा. अभिराम इलेक्ट्रिकलचा, तो रुमालच बाळगत नसे. शालनताईंचा रुमालही पांढरा आणि घडी न मोडलेला. कारण त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि टेलिफोन ऑपरेटरच्या अंगावर कशाचाच रंग उडत नाही.

खेळ साधा होता. कॉम्प्युटरवर पाच जणांविरुद्ध पाच जण, प्रत्येकाच्या हातात बंदूक. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो निकामी करायचा. जो मेला तो फेरी संपेपर्यंत मेला. पण त्याला आपल्या जिवंत साथीदारांच्या डोळ्यांनी बघता येतं आणि हेडफोनवर बोलताही येतं. आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ जिंकला. खेळ फुकट, म्हणून तर नेरूळपासून तुर्भ्यापर्यंत ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्याकडे तो होता. अर्थात फुकट म्हणजे खेळ फुकट. बंदुकीला सोनेरी मुलामा चढवायचा तर पैसे. पार्थच्या बंदुकीवर वाघाचे पट्टे होते. शालनताईंची बंदूक कंपनीतल्या पंख्यासारखी, आली तशी.

त्या ह्यात कशा अडकल्या, त्याचं श्रेय हितेशच्या बोटाला. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या क्रीडा महोत्सवात यंदा पहिल्यांदाच हा खेळ घेतला होता. संघात पाचवा हितेश. त्याने होळीचं लाकूड ओढताना उजव्या हाताचं बोट चेचून घेतलं. सामना रविवारी. नियम असा, की पाचही जण कंपनीच्या हजेरीपटावरचे हवेत. चारच आले तर संघ बाद. केयूरने अकरा जणांना विचारलं. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची बायको. बारावा नंबर त्याने कंटाळून फिरवला तो नऊ.

नऊ म्हणजे ऑपरेटर. त्रिदलमध्ये कुणालाही, कुठेही फोन लावायचा तर आधी नऊ. तीस वर्षं नऊ नंबर म्हणजे शालनताई.

"ताई, कोणी रिकामं आहे का हो कंपनीत?"

"काय करायचंय?"

"बसायचंय फक्त. रविवारी. हातात माउस धरून."

शालनताईंनी काचेतून समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाव लागतं का फलकावर?"

हे केयूरला तेव्हा कळलं नाही. त्याने हो म्हणून टाकलं.

ऑपरेटरची केबिन स्वागतकक्षात, काचेची. काचेतून समोरच्या भिंतीवर एकच गोष्ट दिसते: शिसवी रंगाचा लांबच लांब फलक, त्यावर सोनेरी अक्षरांत क्रीडा महोत्सवातल्या विजेत्यांची नावं. क्रिकेट, कॅरम, रस्सीखेच. तीस वर्षं शालनताईंनी तो फलक पाहिला होता. त्यातले कितीजण फोनवर उद्धट बोलायचे, किती जणांच्या बायका रडत फोन करायच्या, कॅरमच्या एका विजेत्याने वरिष्ठांची खोटी सही कशी केली होती, हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तिथेच राहिला. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कंपनीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. केबिनच्या दारावर "ऑपरेटर". फोनच्या यादीत "९". हजेरीपटावर "एस. जी. म्हात्रे". आणि आता एकतीस मार्चला फोनचा बोर्ड बंद होऊन त्याजागी आपोआप उत्तर देणारं यंत्र येणार होतं. ताईंना स्वेच्छानिवृत्तीचं पत्र मिळालं होतं. म्हणजे फलकावर चढायचं तर हा मार्च शेवटचा.

मंगळवारी पहिल्या अकरा फेऱ्यांत त्या अकरा वेळा मेल्या.

बाराव्या फेरीत वेगळंच झालं. ताई नेहमीप्रमाणे गेल्या आणि पडद्यावर बाकीच्या चौघांच्या नजरा आळीपाळीने बघू लागल्या. चौघे एकदम बोलत होते.

"अरे डाव्या बाजूला, डाव्या..."

"कुणाच्या डाव्या?"

"माझ्यावर आला, माझ्यावर आला!"

"तू कुठे आहेस पण?"

तीस वर्षांत शालनताईंनी पुष्कळ गोष्टी सहन केल्या होत्या. एका लाइनवर चार माणसं कधी सहन केली नव्हती.

"एका वेळी एक लाइन," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी चौघे गप्प झाले. "पार्थ, जिना, दोन. वैदेही, तू थांब. केयूर, पार्थच्या मागे जा. अभिराम, डबा, एक, बसलेला."

पाच सेकंदांनी समोरचे तिघेही पडले होते.

वैदेहीने हेडफोन काढला. ती दिवसभरात मोजून बोलणारी मुलगी, ती म्हणाली, "ताई, आणखी एकदा मरा ना."

त्या एका वाक्यात पुढचे चार दिवस ठरले. डावच तसा बांधला गेला. फेरी सुरू झाली की शालनताईंनी सरळ आत घुसायचं. गोळी कुठून आली ते बघत मरायचं. मग निवांत बसून चार लाइन सांभाळायच्या. ज्याचं काम त्याचं आधी नाव, मग जागा, मग आकडा. तीन शब्द, चौथा नाही. बाकी कुणी बोलायचं नाही. बोलायचं असेल तर आधी "ताई" म्हणायचं आणि थांबायचं. पार्थला हे जड गेलं. तो डिस्पॅचचा माणूस, ट्रक ड्रायव्हरांशी बोलून त्याला ओरडल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नसे.

"ताई, शिवी तरी देऊ का? एक?"

"लाइन मोकळी ठेव. फेरी संपल्यावर दे, दोन दे."

जागांची नावं मुलांनी आधीच पाडली होती. जिना, डबा, गच्ची, गोदाम. गोदामाच्या कोपऱ्यात, रस्त्यावर खड्ड्यापाशी ठेवतात तसल्या नारिंगी टोप्यांची रास होती आणि तिच्यामागे माणूस सहज लपत असे.

"ह्याला आपण कोन म्हणतो," केयूरने सांगितलं.

"कोण?"

"कोण नाही, कोन. आइस्क्रीमचा कोन असतो ना, तसा."

"असं होय." शालनताई हसल्या. "नळाचा न."

मुलांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. कळायला त्यांना तीस वर्षं मागे जावं लागलं असतं.

आज त्रिदलचा बॉयलर आहे तिथे शालनताईंच्या बापाचं भाताचं शेत होतं. जमीन वसाहतीत गेली, तिच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं. मुलगा नव्हता, म्हणून मुलगी गेली. तेव्हाचे मॅनेजर गुप्ते साहेब; त्यांनी तिच्या हातात फोन दिला आणि म्हणाले, "समज, मी बाहेरून बोलतोय. विचार, कोण बोलतंय म्हणून."

"कोन बोलतंय?" पावण्याची शालन म्हणाली.

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते म्हणाले, "मुली, बाणाचा ण. नळाचा न घरी ठेवायचा. तीन आठवडे देतो."

तीन आठवडे शालन खाडीच्या बांधावरून जाता-येता म्हणत होती: बाण, कोण, पाणी, लोणी, ठाणे. आईला वाटलं पोरीच्या टाळूला फोड आलाय. तिने मधाचं बोट चाटवलं. एकविसाव्या दिवशी ण आला. एकदा आला तो परत गेला नाही. तीस वर्षांत, दिवसाला दोनशे फोन, प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच, आणि एकदाही त्यात न शिरला नाही. कंपनीत कित्येकांना वाटायचं, बाई पुण्याकडच्या असाव्यात.

घरी उंबरा ओलांडला की जीभ आपोआप चप्पल काढायची.

"रविवारी नेरूलला जायचा हाय," शनिवारी त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

गोटीराम म्हात्रे ओटीवर बसून भाडेकरूच्या मोटरचा फ्यूज बघत होते. "कनाला?"

"खेलाला. बंदुकीचा खेल हाय, कॉम्प्युटरवर."

"तू त्या पोरांबरुबर बंदूक चालवनार?"

"चालवीत नाय. मी मरते. मरून सांगते, कोन कुठं हाय."

गोटीरामांनी फ्यूज खाली ठेवला. "मरून सांगतंस? जित्तेपनी सांगतंस ते कमी हाय काय?"

पण रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तेच आधी तयार होते.

नेरूळचा तो हॉल म्हणजे एरवी क्लासच्या मुलांच्या सराव परीक्षा घेण्याची जागा. दोन बाजूंना पाच-पाच कॉम्प्युटर, मध्ये मोठा पडदा, समोर दीडशे खुर्च्या. नोंदणीच्या टेबलावर फॉर्म दुरुस्त करायचा होता. हितेशचं नाव खोडून ताईंचं घातल्यावर केयूर जरा थांबला.

"कप्तानाने काय करायचं असतं?" त्याने टेबलामागच्या माणसाला विचारलं.

"काही तक्रार असली तर बोलायचं. बाकीच्यांनी बोलायचं नाही."

"मग झालं तर," म्हणत केयूरने स्वतःच्या नावापुढचा "कप्तान" खोडला आणि एक ओळ खाली लिहिला. ताई तेव्हा पर्समध्ये चष्म्याची पेटी शोधत होत्या.

आठ कंपन्या होत्या. पहिला सामना त्रिदलने तेरा-सहा घेतला, दुसरा तेरा-नऊ. दोन्हींत शालनताईंच्या नावावर शत्रूचे बळी शून्य. प्रेक्षकांत हसू फुटलं, मग हळूहळू थांबलं. खेळाची जाण असलेली माणसं एकमेकांना विचारू लागली, की ही बाई दर वेळी मरते, मग ह्यांना समोरचे दिसतात कसे?

अंतिम सामना तुर्भ्याच्या नवज्योत कंटेनर्सशी. त्यांच्या पाठीवर नावं छापलेल्या काळ्या जर्सी, मनगटाला पट्टे, आणि वागणं असं की बक्षीस घ्यायलाच आलोय, मधला सामना तुमच्या समाधानासाठी. त्यांचा कप्तान शौनक, तिशीचा, देखणा आणि त्याची जाणीव असलेला. तो हात मिळवायला आला.

"काकू, मुलाला सोडायला आलात का? पालकांची सोय मागे आहे."

पार्थ उठलाच होता. शालनताईंनी डोळ्यांनी त्याला बसवलं आणि शौनककडे बघून बोर्डावरच्या आवाजात विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"मी? शौनक."

"थांबा हं, शौनक. जोडून देते."

वैदेहीला इतकं हसू आलं की तिने पांढरा रुमाल तोंडात धरला.

सामना मात्र हसण्यासारखा झाला नाही. नवज्योतवाले खरोखर चांगले होते. त्यांनी तीन फेऱ्यांत ताईंचा डाव ओळखला आणि ताई आत शिरल्या तरी त्यांना मारेनात. जिवंत शालनताई हे त्रिदलपुढचं सर्वांत मोठं संकट होतं. त्या भिंतीला जाऊन अडकत, वळताना आकाशाकडे बघत राहात. एकदा जिन्यावरून पळताना चुकून बटण दाबलं गेलं आणि समोरचा एक पडला.

"ताई, मारलात!" अभिराम म्हणाला. चार दिवसांतलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

"सॉरी," ताई म्हणाल्या.

शून्य-पाच. मग ताईंनी जिवंतपणीच बोर्ड चालवायला सुरुवात केली. एका कोपऱ्यात तोंड घालून उभ्या राहिल्या, स्वतः काही बघायचंच नाही. कान चौघांच्या आवाजाकडे आणि डोळे वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे. "वैदेही, गच्ची, एक. केयूर, थांब. आता जा." सहा-नऊ झाले. दहा-अकरा झाले. मागच्या रांगेतून गोटीरामांचा आवाज आला, "हाय शाबास!" आणि परीक्षकाने त्यांना बसायला सांगितलं.

बारा-बारा.

बारा-बारा झाल्यावर एरवी दोन फेऱ्यांची आघाडी लागते; पण हॉल दोन वाजता रिकामा करायचा होता, म्हणून परीक्षकांनी जाहीर केलं: आता एकच फेरी, जो जिंकेल तो. शालनताईंनी काचेतून दिसणाऱ्या त्या फलकाची शेवटची ओळ डोळ्यांसमोर आणली. ती रिकामी होती. त्यांनी हात पदराला पुसले.

नवज्योतवाल्यांनी बॉम्ब ठेवला तेव्हा त्रिदलचे तिघे पडले होते आणि चौथ्या ताई. उरला एकटा पार्थ. समोरचा उरला एकटा शौनक. बॉम्ब गोदामात टिकटिकत होता. तो निकामी करायला सात सेकंद एका जागी बसावं लागतं, आणि बसलं की शौनक कुठून तरी गोळी घालणार. कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांना दिसत होतं, पण संघांना ते बघायची मनाई होती.

पार्थ बॉम्बपाशी आला. आजूबाजूला बघितलं. कुणी नाही. बॉम्ब फुटायला अकरा सेकंद होते.

"ताई," तो म्हणाला आणि शिकवल्याप्रमाणे थांबला.

शालनताई त्याच्या नजरेने बघत होत्या. त्यांनाही काही दिसत नव्हतं. सांगायला एक शब्द नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा लाइनवर माणूस ताटकळत होता आणि जोडून द्यायला पलीकडे कुणी नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच हेडफोनमध्ये कुणीतरी पुटपुटलं. बारीक, घोगरं, भरभर. शब्द कळत नव्हते. कुणीतरी मोकळ्या ठेवायच्या लाइनवर बोलत होतं!

शालनताईंच्या तोंडून तो प्रश्न निघाला. विचार करून नाही. दिवसाला दोनशे वेळा निघायचा तसाच निघाला. फक्त छातीत इतकं धडधडत होतं की बाण कुठल्या कुठे उडाला आणि खाडीच्या बांधावर सोडून दिलेला नळ तीस वर्षांनी धो धो वाहिला.

"कोन?"

पार्थ गर्रकन वळला आणि नारिंगी टोप्यांच्या राशीवर त्याने वाघाच्या पट्ट्यांची आख्खी बंदूक रिकामी केली.

टोप्या उडाल्या. त्यांच्यामागून शौनक आडवा झाला.

त्यानंतर सात सेकंद पार्थ बॉम्बपाशी बसला, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये काय चाललंय ते त्याला ऐकूच आलं नाही. बॉम्बचा दिवा हिरवा झाला. पार्थने हेडफोन फेकला आणि चार दिवस साठवलेल्या सगळ्या शिव्या एका दमात दिल्या. वैदेही खुर्चीवर चढली. अभिरामने केयूरला उचललं, मग ताईंकडे बघून थबकला आणि नुसता वाकून पाया पडला. गोटीराम खुर्च्या ओलांडून येत होते, वाटेत जो भेटेल त्याला सांगत होते, "माजी बायको हाय ती. कोपऱ्यात बसलेली."

पडद्यावर गुणपत्रक आलं. वैदेही, बळी एकतीस. पार्थ, अठ्ठावीस. केयूर, अभिराम. सर्वांत खाली शालनताई: बळी एक, मरण अठरा.

शौनक आला. माणूस हरल्यावर बरा वाटत होता. "काकू, मी कोनामागे आहे हे तुम्हाला कसं कळलं? मी हललोसुद्धा नव्हतो."

चौघांनीही ताईंकडे बघितलं. केयूर जरा जास्तच ओशाळा होऊन बघत होता.

"मी... मी गणपतीचं नाव घेत होतो हो शेवटी," तो म्हणाला. "माइक बंद करायचा राहिला. ताई, रागावलात?"

शालनताईंना कळलं, लाइनवर कोण होतं ते. त्यांनी केयूरकडे बघितलं, शौनककडे बघितलं. बोर्डावर ऐकलेलं बोर्डाबाहेर न्यायचं नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

"तुम्हाला जोडून देते म्हटलं होतं ना," त्या शौनकला म्हणाल्या. "दिलं."

घरी आल्यावर त्यांनी गोटीरामांना सगळं खरं सांगितलं. गोटीराम इतके हसले की भाडेकरू बघायला आला. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे तीस वर्षां त्यांचा ण बोललीस, आनी जिकलीस आपल्या नानं."

"कुनाला सांगू नका."

"नाय सांगत." आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही.

एकतीस तारखेला पेंटर आला. हातात पर्सोनेलच्या विलास सरांनी दिलेली चिठ्ठी. विलास सरांचं अक्षर आणि कंपनीची पद्धत दोन्ही ठरलेली: कप्तानाचं नाव, पुढे "व संघ". फलकभर तसंच होतं. अमुक व संघ, तमुक व संघ.

शालनताई केबिनमधून बघत होत्या. पेंटरने चिठ्ठी वाचली आणि काचेवर टकटक केलं.

"बाई, हे नाव कसं लिहायचं? शालण की शालन? सायबांनी घाईत लिवलंय."

ताई बाहेर आल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं: शालन गो. म्हात्रे व संघ.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डिस्पॅचच्या दाराकडे बघितलं, लॅबच्या जिन्याकडे बघितलं. केयूरने फॉर्मवर काय केलं होतं ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. एक बळी आणि अठरा मरणं त्यांच्या पूर्ण नावानिशी भिंतीवर चढणार होती. वैदेहीचे एकतीस "व संघ"मध्ये जाणार होते. आणि "व संघ" म्हणजे काय असतं, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या तिथेच राहिल्या होत्या.

"'व संघ' काढा," त्या म्हणाल्या. "पुढे चार नावं घाला. सांगते मी."

"एका ओळीत पाच? अक्षर बारीक होईल बाई. तुमचं पन."

"होऊ दे. वाचता आलं म्हणजे झालं."

"सायेब विचारतील."

"सांगा, नऊ नंबरने सांगितलं."

पेंटरने मान डोलावली. नऊ नंबरने सांगितलेलं त्रिदलमध्ये कुणी उलट विचारत नसे. सगळ्यांना वाटे, वरून आलं असेल. त्याने ब्रश बुडवला. "आनी न कुठला लिवू?"

"नळाचा," शालनताई म्हणाल्या. "घरचा."

साडेपाचला बोर्ड बंद व्हायचा होता. नवं यंत्र शेजारी खोक्यात तयार होतं, तळहाताएवढं. ताईंनी डबा पिशवीत भरला, पेनं मोजून खणात ठेवली, हेडफोनवरून रुमाल फिरवला. बाहेर पेंटर पाचव्या नावावर होता आणि रंगाचा ओला वास काचेच्या फटीतून येत होता.

पाच सत्तावीसला बोर्डावर एक दिवा लागला. डिस्पॅच.

शालनताईंनी हेडफोन कानाला लावला. सवयीने जीभ टाळूला चिकटली. मग त्यांनी तिला सोडून दिलं.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मग पार्थचा आवाज आला, एरवीसारखा ओरडणारा नाही, शिकवलेला.

"बघितलं ताई. कोनामागे कुणी नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "लाइन मोकळी ठेव," आणि दिवा विझला.